सरांच्या प्रयोगाला माझी पोरगी

आता कोणत्या तोंडाने सांगू? पण सगळ्या वडसा गावाला माहीत झालंय, मग तुम्हीच काय घोडं मारलंय!

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन इकडे आले. स्वभाव संशयी. उकळलेल्या दुधाचाही वास घेते. त्यात चार वर्षांची ओवी पदरात. तिच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचाही मला भरवसा नाही. आणि शेजारी कोण राहावं? बोरकर सर! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि घरी कविता करतात. ज्याच्या एका खिशात परीक्षानळी आणि दुसऱ्यात कविता, त्या माणसाचा विश्वास धरायचा तरी कुठल्या बाजूने?

एक दिवस मी कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडे सर फोनवर होते.

"पोरगी भेटली ना भाऊ! बाजूचीच आहे, ओवी. पण रसच निघून नाई राह्यला तिच्यातून!"

माझ्या हातातला चिमटा गळून पडला.

"नाईच निघाला तर डोळ्यात ग्लिसरीन टाकू. उद्या प्रयोग उरकून घेऊ. कापाकापी, जोडाजोडी मंग नागपूरले."

ग्लिसरीन! मी बी.एस्सी. आहे हो. ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र आलं की भडका उडतो, हे मला झोपेतही पाठ. रोज संध्याकाळी मालिकेत बायका कशाने रडतात, हे मात्र तेव्हा आठवलं नाही. शिक्षण असं ऐन वेळी दगा देतं बघा.

नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "अवं, मुंगी मेली तरी कविता करते तो माणूस!"

"पण मुळात मुंगी मारली कोणी?" मी विचारलं. त्याने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले, तर ओवी घरात नाही! सासूबाई ओट्यावर निवांत लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या.

"आई, ओवी कुठंय?"

"सरच्या प्रयोगाले गेली. वेणी घालून मीच पाठवली."

"अहो, कसला प्रयोग?"

"मले काय माईत? सर म्हणे, पोरीचं नाव होईल."

नाव! हार घातलेल्या फोटोखाली का?

हाताला लागली ती डास मारायची बॅट उचलली आणि धावत सुटले. कॉलेजची प्रयोगशाळा गल्लीच्या तोंडाशीच. खिडक्यांना काळे पडदे. दार ढकललं, तर काय! टेबलावर माझी ओवी, तोंडावर झगझगीत उजेड, आणि एक दाढीवाला तिच्या डोळ्याशी बाटली नेतोय!

"खबरदार! जाळून टाकीन एकेकाला!" बॅट चट्‌ चट्‌ वाजली.

ओवीने माझा तो अवतार पाहिला आणि भोकाड पसरलं.

"चालू ठेव, चालू ठेव!" अंधारातून कोणीतरी कुजबुजलं. सर हात जोडून म्हणाले, "वैनी, पाया पडतो, एक मिनिट रडू द्या तिले!"

मग उलगडा झाला. सरांचं एक नाटक झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, गावोगावी गाजलेलं. त्यातली पोरगी विचारते, आसवं खारट काऊन? शास्त्रज्ञ बाप म्हणतो, मिठामुळे. कविता करणारी आई म्हणते, प्रत्येकाच्या आत एक समुद्र असतो म्हणून. त्याच नाटकाचा आता पिक्चर होत होता. रस म्हणजे करुण रस. कापाकापी फिल्मची. आणि शूटिंगलाही सर जुन्या सवयीने 'प्रयोग'च म्हणतात!

"नाटकाच्या मंडपात हे काम मोठी पोरगी करे, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून रडे," सर म्हणाले. "पडद्यावर एक थेंब पुरे. पण तुमची ओवी ग्लिसरीन पाहूनच हासते!"

"आणि या वैनी?" दाढीवाल्याने विचारलं.

"त्या? त्या अजून मंडपातच आहेत."

मी बॅट पदराआड लपवली.

परवा पिक्चर दाखवला. ओवीच्या गालावरून थेंब ओघळला आणि अख्खं सभागृह नाक पुसू लागलं. मीसुद्धा. शेवटी नावांच्या पाट्या सरकू लागल्या. माझ्या ओवीचं नाव आलं, सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. आणि त्याच्या खालीच, चांगल्या ठळक अक्षरांत:

'ग्लिसरीन : ओवीची आई.'