सयाजी भावजींचं मनगट

मोशीचा चौक मागे टाकून आम्ही डुडुळगावच्या रस्त्याला लागलो, तेव्हा सयाजी भावजींनी पाचव्यांदा पँटच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. माझ्या तोंडात नाम चालू होतं, तरी लक्ष गेलंच. तळवड्याहून आम्ही पहाटे साडेपाचला निघालो होतो. दर एकादशीला मी आळंदीला चालत जाते, कधी एकटी, कधी शेजारच्या केसरबाईंबरोबर. भावजी मात्र जन्मात पहिल्यांदा आले होते. आणि त्यांचं डावं मनगट मोकळं होतं. कंपनीबाहेर त्यांचं मोकळं मनगट मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"पाय दुखतात का हो?" मी विचारलं.

"पाय नाही वहिनी. बूट नवीन आहेत."

नवीनच असणार. एवढ्या लांब चालायला माणूस नवीन बूट घालून येतो, कारण शेवटी तिथं कुणीतरी बघणार असतं. भावजींचा सगळा जन्मच असा, कुणीतरी बघणार म्हणून.

सयाजी भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. बार्शीकडचे. आयटीआय करून इकडे आले आणि चाकणला एका कंपनीत लागले, पेंट शॉपला. गाड्यांच्या बॉड्यांना रंग मारतात तिथं. चोवीस वर्षं झाली, तिथंच आहेत. कामाला वाईट नाहीत, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. रंगात केसाएवढी रेघ असली तरी त्यांना लांबून दिसते म्हणे. आता ज्याला रंगातली रेघ दिसते त्याला स्वतःचं हसं झालेलं कसं दिसत नाही, ते देवालाच ठाऊक.

पेंट शॉपचे नियम फार कडक. केसाला तेल नाही, अंगाला सेंट नाही. अंगठी नाही, कडं नाही, पट्ट्याला बक्कल नाही, हातात घड्याळ नाही. रंगलेल्या पत्र्यावर ओरखडा उठला तर अख्खी बॉडी परत फिरते. म्हणून गेटमधून आत गेलं की घड्याळ काढून लॉकरमध्ये. आत लाईनच्या डोक्यावर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ लावलेलं असतं. चहा त्यावर, जेवण त्यावर, शिफ्ट सुटायची त्यावर. चोवीस वर्षं या माणसाने मान वर करूनच वेळ बघितलेली आहे.

आणि घरी पाच घड्याळं.

लग्नाकार्याला सोनेरी. सोसायटीच्या मीटिंगला काळं, वाटीएवढं. गावाकडं पुढारी मंडळी भेटायची असली तर तीन छोट्या तबकड्या असलेलं, त्यातली एकही फिरत नाही. मास्तर, प्राध्यापक अशा लोकांत जायचं तर चामड्याच्या पट्ट्याचं. आणि पाचवं साधं स्टीलचं, ते दहाव्याला. होय, दहाव्याला. माझे सासरे गेले तेव्हा घाटावर जायच्या वेळी भावजी आरशासमोर. मी म्हटलं, "भावजी, कावळा थांबलाय." तर म्हणाले, "आलो वहिनी, सोनेरी बरं दिसत नाही ना अशा वेळी."

त्यांचं तत्त्वज्ञान ठरलेलं. "समोरचा आधी मनगट बघतो, मग तोंड." म्हणून बाही दोन घड्या वर. पोह्यांची बशी डाव्या हातात, छातीशी धरलेली. फोटोत शेजारच्याच्या खांद्यावर हात, तोही डावाच. जाऊबाई विजयश्री बिचारी एकदा मला म्हणाली, "वहिनी, पाच घड्याळं आहेत, पण एकाचा टाईम दुसऱ्याशी जुळत नाही. दोन तर बंदच आहेत. ह्यांचा डबा मी मोबाईल बघून भरते."

मी भावजींना विचारलं होतं, "सेल का नाही टाकत?"

"वेळ कोण बघतंय वहिनी?"

एवढा खरा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला असेल.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांची तेजस्विनी लग्नाला आली. पोरगी तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आहे, गुणी, कमी बोलणारी. स्थळ मीच सुचवलं. आळंदीच्या सुमनताई मला दर एकादशीला देवळात भेटतात, त्यांचा सुजित. दोघं एकमेकांना एकदा बाहेर भेटली आणि तेजस्विनी मला येऊन म्हणाली, "काकू, मला चालेल." आमच्या या पोरीचं "चालेल" म्हणजे दुसऱ्या पोरींचं नाचणं. मी सुमनताईंना एवढंच सांगितलं होतं, की वडील चाकणला कंपनीत आहेत. पुढचं भावजींनी स्वतः फोनवर सांगितलं. "मॅनेजमेंटला आहे मी."

मग मॅनेजमेंटला शोभेल असं सहावं घड्याळ घ्यायला आम्ही पिंपरी कॅम्पात. मी आणि विजयश्री ओटीचं सामान घ्यायला गेलो होतो, तर आम्हाला दुकानांतून ओढत फिरवलं. एक घालायचं, हात लांब करायचा, डोळे बारीक करायचे. "वहिनी, हे लांबून दिसेल का?"

"भावजी, हे मोशीवरून दिसेल."

दुकानदार हसला. भावजींनी तेच घेतलं.

रविवारी भावजींकडं पाहुणे आले. रंगराव, सुमनताई, सुजित. रंगराव म्हणजे सरळ माणूस, साधा शर्ट, पायात चपला. बोलणं छान चाललं होतं. पोरीला एक प्रश्न विचारला नाही त्यांनी, उलट म्हणाले, "ती विचारू दे आम्हाला काय ते." सुमनताईंनी पिशवीतून नारळ काढला. म्हणाल्या, "साडेचारला राहुकाळ लागतो, त्याआधी पोरीची ओटी भरून घेते. किती वाजले?"

रंगराव हसत म्हणाले, "सयाजीराव, तुमच्याकडं आहे एवढं मोठं घड्याळ, सांगा बरं."

आणि सयाजी भावजींनी वर बघितलं.

हात गुडघ्यावर, त्यावर ते धूड, आणि मान वर. दाराच्या वरच्या भिंतीवर. तिथं आमच्या खंडोबाची तसबीर आहे. त्यांनी बघितलं म्हणून आम्ही सगळ्यांनी बघितलं. खंडोबा काय वेळ सांगणार?

रंगरावांनी मांडीवर थाप मारली. "कुठल्या शॉपला हो तुम्ही?"

"काय?"

"अहो, मी भोसरीला पेंट शॉपला एकतीस वर्षं काढली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, अजून हिनं टाईम विचारला की मी भिंतीकडंच बघतो."

"भिंत तरी बरी," सुमनताई म्हणाल्या. "परवा देवळात विचारलं तर कळसाकडं बघितलं ह्यांनी."

सगळे हसलो. तेजस्विनीसुद्धा, पदराआड. देवाने यापेक्षा सोपं कसं करून द्यायचं माणसाला? दार सताड उघडं होतं. 'मी पण पेंट शॉपलाच' एवढं म्हणायचं होतं, दोघांनी मिठ्या मारल्या असत्या.

भावजींनी बाही खाली ओढली, मग आठवलं म्हणून परत वर केली. "नाही नाही," ते म्हणाले, "मी मॅनेजमेंटला. लाईनवरच्या लोकांशी आमचा फारसा संबंध येत नाही."

रंगरावांचं हसू थांबलं. लाईनवरचे लोक म्हणजे तेच होते ना. त्यांनी चहा पूर्ण पिऊन कप खाली ठेवला आणि "कळवतो" म्हणाले. नारळ पिशवीत परत गेला. ओटी राहिली.

पाहुणे जिन्यात असतील नसतील, तोवर भावजी मला विचारतात, "वहिनी, त्यांनी घड्याळ नीट बघितलं का? मला वाटतं पट्टा चामड्याचा घ्यायला हवा होता." मी कपबशा गोळा करायला लागले. काही लोकांवर शब्द खर्च करणंसुद्धा पाप वाटतं.

त्यानंतर पंधरा दिवस तेजस्विनीचा डबा अर्धा परत येत होता. एकदा माझ्याकडं येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, पप्पांना सांगा ना, मला त्यांच्या कामाची लाज नाही वाटत. कधीच नाही वाटली." शेवटी सुमनताईंचा फोन आला. "हे म्हणतात, पोरगी लाखात एक आहे. पण बाप आपल्या कामाबद्दल खोटं बोलतो, तेही दोनदा, एकदा फोनवर, एकदा तोंडावर, तर उद्या आणखी कशाकशात बोलेल? एकादशीला आम्ही घाटावर बसतो. त्यांनी यावं आणि काय काम करतात ते आपल्या तोंडानं सांगावं. एवढंच. नाहीतर रविवारी आम्ही शिक्रापूरची मुलगी बघायला जाणार."

म्हणून ही आमची वाटचाल. भक्ती वगैरे काही नाही. मी भावजींना सांगितलं होतं, गाडीवरून मिरवत यायचं नाही, माझ्याबरोबर चालत यायचं. वाटेत तरी जीभ सरळ होईल.

"काय बोलणार आहात?" डुडुळगाव आलं तेव्हा मी विचारलं.

"बोलतो ना."

"म्हणून दाखवा."

त्यांनी घसा साफ केला. "रंगराव, त्या दिवशी जरा... म्हणजे मी तसा..."

"तसा नाही. पेंट शॉपला आहे, म्हणा."

"पेंट शॉपला सिनिअर..."

"सिनिअर नको."

"आहे ना पण मी सिनिअर!"

"असाल. चोवीस वर्षांत दगडपण सिनिअर होतो. परत म्हणा."

एक ट्रक धूळ उडवत गेला. भावजी रुमालाने बूट पुसायला वाकले. मी पुढं चालत राहिले. मनात म्हटलं, देवा, माझ्या तोंडी तुझं नाव राहू दे, याचं नको.

देहू फाट्याला पोचलो तर सुमनताईंचा फोन. "पुलाजवळ बसलोय, राजगिऱ्याचे लाडू आणलेत, या." मी मागं बघितलं तर भावजी रस्त्याच्या कडेला थांबलेले. खिशातून दुसऱ्या रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत घड्याळ.

अरे देवा, म्हटलं, सातवं!

पण सातवं नव्हतं. पांढरी साधी तबकडी, कंपनीचा शिक्का आणि खाली बारीक अक्षरांत 'पेंट शॉप, वीस वर्षे सेवा'. हे मी ओळखत होते. चार वर्षांपूर्वी कंपनीनं समारंभ करून दिलं होतं, आणि त्याच दिवशी ते विजयश्रीच्या साड्यांखाली गेलं होतं. "हे घालून चारचौघांत काय सांगू, की मी रंगारी आहे?" असं तेव्हा म्हणाले होते. त्याचा काटा फिरत होता. कालच नवीन सेल टाकून आणलं असणार.

त्यांनी ते मनगटावर बांधलं. बाहीची एक घडी केली. मग दुसरी. हात जरा लांब करून बघितला, डोळे बारीक करून.

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. मोठेपणासाठी एक घड्याळ, दुखवट्यासाठी एक, तसं आता खरेपणासाठीही एक. हेसुद्धा सकाळी आरशासमोर बघून घेतलं असणार.

"तोंडानं सांगायचं ठरलंय भावजी," मी म्हटलं. "मनगटानं नाही."

"तोंडानं येत नाही हो वहिनी." ते माझ्याकडं न बघता पट्ट्याचं टोक आत खोचत होते. ते काही खोचलं जाईना. "चार दिवस म्हणून बघतोय. तोंड उघडलं की मॅनेजमेंटच येतं बाहेर. तेजूसमोरपण तेच आलं काल. तुम्ही एक करा. आपण बसलो ना की त्यांच्यासमोर मला विचारा, भावजी, किती वाजले. मी हात पुढं करतो. बाकीचं ते वाचतील." मग दोन पावलं चालून थांबले. "आणि मी वर बघायला लागलो, तर परत विचारा."