दुपारी मान टाकलेलं झाड

"शालन, माका पानी दी गो," इंदू म्हणाली. मी दिलं नाही.

गोव्यात लाटंबार्शे गावी, माझ्या परसात, विहिरीजवळच्या कोकमाखाली ती हातात छत्री घेऊन बसली होती. मे महिना, भर दुपार. तिला धरून आम्ही झाडांच्या मंडळाच्या सात बायका होतो. मी म्हटलं, "दुपारी मान टाकली म्हणून लगेच कोण पानी घालता? तूच शिकवलंस ना गो. सांजेक आपसूक उठशील." सगळ्या हसल्या. इंदूही हसली. मग तिला तिथंच ठेवून आम्ही घरामागची कर्दळ बघायला गेलो. कर्दळीवरून दोघींचा वाद झाला, तो मिटेपर्यंत आम्ही तिथं होतो. परत आलो तेव्हा छत्री खाली पडली होती आणि इंदू एका कुशीवर कलली होती. मग मी तांब्याभर पाणी आणलं. ते तिच्या ओठांवरून पदरावर सांडलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पेपरात लिहायची ही पहिलीच वेळ. इंदूला जाऊन सहा आठवडे झाले आणि तिच्याबद्दल जे बोललं जातं ते मला ऐकवत नाही, म्हणून लिहिते.

इंदूचं माहेर तुये गावचं, दिली मये गावात. पंचवीस वर्षांपूर्वी ओल्या कागदात सोनटक्क्याचा कांदा गुंडाळून ती माझ्या दारात आली. ओळख ना पाळख. म्हणाली, "हो जगलो तर तू आमची. मेलो तर माझी वाट वायली, तुझी वाट वायली." वायली म्हणजे वेगळी. कांदा जगला. असंच घरोघर फिरून तिनं मंडळ उभं केलं. वर्षाचे बारा महिने जमिनीत टिकणारी, लाड न मागणारी झाडं लावायची, एवढंच आमचं काम. अबोली, कोरांटी, कर्दळ, गुलबाक्षी. एका हंगामापुरत्या झेंडूला ती पाहुणा म्हणायची. एका बाईनं हौसेनं कुंडीतला विकतचा गुलाब आणला, तर इंदू त्याच्याकडे बघून म्हणाली, "याका नर्स ठेवची पडतली गो!" ती बाई पुन्हा आली नाही. इंदूनं तिला बोलावलंही नाही.

दर मे महिन्यात आमची फेरी असे. आठ दिवस कुणी झाडांना पाणी घालायचं नाही आणि मग भर उन्हात एकमेकींच्या परसात जाऊन बघायचं. सकाळी कुठलंही झाड ताठच दिसतं, असं इंदूचं म्हणणं. दुपारी मान टाकेल ते टाकू दे, हात लावायचा नाही. संध्याकाळी आपलं आपण उठलं तर ते मंडळाचं. नाही उठलं तर उपटा. हा नियम झाडांसाठी खरा आहे. मी आजही खरा मानते. पण आम्ही तो हळूहळू माणसांना लावायला लागलो, ते कधी, कुणाला कळलं नाही. कुणाचे गुडघे दुखले, कुणाला घरात त्रास झाला, तर आम्ही चेष्टा करायचो, "गुलाब जालंय गो तू." मग ती बाई गप्प बसायची. मीही गप्प बसले आहे, नवरा गेला तेव्हा. इंदू दहाव्या दिवशी आली, कोरांटीची फांदी देऊन गेली, नवऱ्याचं नाव काढलं नाही. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं...

यंदा फाल्गुनात, शिगम्याच्या सणाला देवळाच्या पायऱ्या चढताना ती तीनदा थांबली. मी विचारलं, "काय गो?" म्हणाली, "पायऱ्या वाढल्यो." मी हसले आणि पुढं गेले. तिनं छातीवर हात धरला होता, तो मी बघितला होता. बघितला नव्हता असं म्हणणार नाही.

त्या दुपारी तिला डिचोलीच्या इस्पितळात नेलं तोवर सगळं संपलं होतं. तिची मुलगी अनिता धावत आली. तिनं मलाच विचारलं, "मावशी, आई काय म्हणाली? काय मागितलं तिनं?"

मी म्हटलं, "काय नाय बाये. एकदम गेली."

बाकीच्या पाचजणी तिथंच उभ्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. तिन्हीसांजेला मी घरी आले. विहिरीजवळ इंदूनंच दिलेली अबोली आहे. दुपारी तिनं मान टाकली होती. आता ती ताठ उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावलं.

शोकसभेत सगळ्यांनी सांगितलं की इंदू तिच्या झाडांसारखी कणखर होती, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. तिच्या नावानं कप ठेवायचा ठरला, फेरीत सगळ्यात टिकाऊ ठरेल त्या झाडाला. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठून बाहेर आले. अनिता मागून आली, हात धरला, म्हणाली, "मावशी, आईचा तुमच्यावर फार जीव होता." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. म्हणून अनिता, आता इथं सांगते. तुझ्या आईनं पाणी मागितलं होतं. माझ्याकडे मागितलं होतं. मी थट्टा केली. पाणी दिलं असतं तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. पण कर्दळीकडे जाण्याआधी घोटभर पाणी देता आलं असतं, विहीर चार पावलांवर होती.

तो तांब्या आता मी दाराशी भरून ठेवते. कुणीही आलं, तहान नाही म्हणालं, तरी आधी हातात देते. मंडळातल्या बायका येत नाहीत. कप मात्र विकत आणलाय म्हणे.

त्या दुपारी माझ्या परसात आम्ही सातजणी होतो. सहाजणी जिवंत आहोत.