उन्हाची वैरीण

उन्हाशी एवढं वैर धरलेली बाई अख्ख्या संभाजीनगरात दुसरी नसेल. ती माझी शेजारीण, घरी शिवणकाम करायची. उन्हाळ्यात सगळ्याच बायका तोंडाला रुमाल बांधतात, पण ही पौषाच्या थंडीतही हातमोजे घालून, डोळ्यांपुरती फट ठेवून दळण घेऊन गिरणीत निघायची. पाचोडच्या एसटीत सावलीची जागा धरायची आणि गाडी वळून ऊन आलं की पलीकडच्या माणसाला म्हणायची, "भाऊ, इकडं बसा, हवा चांगली लागते." श्रावणात थेंब नसताना छत्री उघडायची. बायका विचारायच्या, "अगं, पाऊस कुठंय?" "पावसाला कोण भितं? ऊन ढगातून बी शोधत येतं!" मग नळावर हसणं चालायचं, "पोरगी लग्नाला आली अन् आईलाच गोरं व्हायचंय." तीही म्हणायची, "मग! जावयानं सासू बघूनच होकार द्यायला पाहिजे."

खरं कारण तिच्या नवऱ्याला आणि मला ठाऊक होतं. दवाखान्यात ती मलाच सोबत न्यायची. ऊन लागलं की तिच्या अंगावर चट्टे उठत आणि आत किडनी सुजायची. डॉक्टरांनी बाराही महिने ऊन टाळायला सांगितलं होतं. "नटवी म्हणू दे," ती म्हणाली, "आजार कळला तर माझ्या पोरीला कुणी करून घेणार नाय. पोरीला पण सांगू नको."

वैशाखात सिल्लोडच्या मुलाशी लेकीचं लग्न होतं. वरात भर दुपारी दारात आली. व्याह्यांसमोर तोंड बांधून ओवाळायचं कसं? नुसता पदर घेऊन ती आरतीचं ताट धरून उभी राहिली. पोरं डीजेपुढून हलेनात. मी सावलीत ओढायला गेले, तर दातावर दात ठेवून म्हणाली, "जा तू." तिचं तोंड लालभडक झालं. "विहीणबाई, लई नाजूक हो तुम्ही!" वरमाय म्हणाली. सगळ्यांबरोबर तीही हसली.

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. विचारणाऱ्याला कावीळ सांगत राहिली आणि पहिल्या दिवाळसणाआधी गेली.

तेराव्याला लेक माझ्याजवळ बसली. मागं तिची सासू होती. "काकू, आई खरंच एवढी नटवी होती का हो?"

"व्हय बाई," मी म्हणाले, "फार."

लेक रडता रडता हसली. सासूनं तिला जवळ घेतलं, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.