पंप बंद असताना जावळ

आमचं घर नांदेडात गंगेच्या काठाला, पंपाच्या भिंतीला लागून. गोदावरीला आमच्याकडं समदे गंगाच म्हणतेत. शहराचा घाण नाला तिथं बांध घालून अडवलाय. पंप ते पाणी उचलतो अन् शुद्ध करायच्या टाक्यांकडं ढकलतो. लाईट गेली की पंप बंद, मग नाला बांधावरून सरळ गंगेत. नवी नवरी होते तवा त्या घरघरीनं झोप लागायची न्हाई. आता ती थांबली की जाग येती.

माझ्या लेकराचं जावळ होतं. हदगावहून माझा भाऊ आला, नणंद आली. मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे, आत्यानं पदराच्या वट्यात झेलायचे, गंगेत सोडायचे, अन् लेकराला तिथंच बुडी द्यायची. सासूबाईचा घाट ठरलेला, नाल्याच्या खालच्या अंगाचा. मी दाराला कुलूप लावूलाले होते अन् घरघर थांबली.

मी सातवी शिकलेली, सासूबाईपुढं तोंड उघडत न्हाई. वाटभर कान पंपाकडंच. घाटावर न्हाव्यानं केस काढले, लेकरू रडून लाल झालं, सासूबाईनं हात पुढं केले.

"दे इकडं, बुडी देते."

मी लेकरू छातीशी धरलं अन् सासूबाईला म्हणलं, "न्हाई, आत्याबाई. पंप बंद हाय. नाला गंगेत येऊलालाय."

"गंगा कवा बाटती का गं?"

"गंगा न्हाई बाटत. पर ते पाणी लेकराच्या तोंडात जातंय. मागं हगवण लागली तवा सलाईनला शीर घावत न्हवती, इसरलाव का?"

नणंद म्हणली, "वैनी, पंपावर नोकरीला लागलीस का गं?" माझा भाऊ हसला.

"हसतो कामून? तुझ्या मांडीवर बसलं होतं ना आत्ता?" मी म्हणलं. मग माझं मलाच कळंना, बोलतच सुटले. "वरच्या घाटाला चला. नाला लागायच्या आधीचा हाय तो. गंगा तीच हाय, लांब बी न्हाई."

अन् निघालेच. दम लागला, पर लेकरू सोडलं न्हाई. वरच्या पायरीवरून मागं बघितलं. सासूबाई पाण्यापशी उतरल्या होत्या. त्यांनी ओंजळ भरली, कपाळाला लावाय गेल्या अन् नाकापशीच थांबल्या. पाणी सोडून दिलं. हात पदराला पुसला, वास घेतला, परत पुसला.

"थांब की गं बये! पाय हायेत का चाकं?"

वरच्या घाटाला सासूबाईनंच बुडी दिली. लेकरू असं किंचाळलं की पल्याडची माणसं बघाय लागली.

घरी आलो तर शेजारीण दारात. "एवढा येळ? वरच्या घाटाला कामून गेलाव?"

"आमच्यात वरच्याच घाटाला असतंय," सासूबाई म्हणल्या. "पहिल्यापासून."

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. मी लेकराला पाजाय बसले.