आरशासमोरची पट्टी

"भावजी, ह्यांना हाका मारतीय, उठंनात. तुमी या..." दुपारी शाळेत वह्या तपासत होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. घोटावड्याच्या शाळेतून त्यांच्या गावी, माणला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जेवून आडवे झालेले अण्णा, माझे चुलतभाऊ, झोपेतच गेले. पाच आठवडे झाले, तरी हे वाक्य दुसऱ्याच कुणाबद्दलचं वाटतं.

जमीन विकल्यावर अण्णांनी खोल्या बांधल्या. भाडेकरू सगळे परप्रांतातले, आयटीतले. त्यांच्याशी बोलायचं म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी ते माझ्याकडे इंग्रजी शिकायला आले. "मास्तर, नुसतं बोलणं नगं. त्यांच्यावानी बोलता आलं पायजे." मी पुस्तकातला नियम सांगितला. शब्दाच्या सुरुवातीला 'प' आला की ओठांतून हवेचा झोत सुटायला हवा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेन' म्हणायचं. पट्टी हलली की उच्चार बरोबर. अण्णा खो खो हसले. "म्हंजी दिवा इझवायचा व्हय रं?" पण दर रविवारी न चुकता यायचे.

यंदा झेंडावंदनाला भाडेकरूंसमोर चार वाक्यं इंग्रजीत बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. महिनाभर पाठ केली. माइक हातात घेऊन ते घसा खाकरत होते आणि मला घाम फुटला. आता हसं होणार... अण्णांचं नव्हे, त्यांना शिकवणाऱ्या माझं. मी पुढे झालो आणि माइक काढून घेतला. "राहू द्या अण्णा, मी बोलतो." त्यांनी हातातल्या, वाक्यं लिहिलेल्या चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मीही गेलो नाही. जाऊ, बोलू, म्हणत राहिलो...

परवा माणला गेलो. अण्णांच्या दाढीच्या आरशासमोर दोऱ्याला वर्तमानपत्राची पट्टी टांगलेली होती. मला वाटलं होतं, त्यांनी सोडून दिलं.

"रोज चालायचं त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी बी."

मी आरशासमोर उभा राहिलो. 'पेन' म्हणालो. पट्टी हलली नाही. पुन्हा म्हणालो. वीस वर्षं हा नियम मी वर्गात सांगतोय, पण स्वतः एकदाही पट्टी धरून पाहिली नव्हती. तिसऱ्यांदा म्हणालो. पट्टी तशीच.

वहिनी मागेच उभ्या होत्या. "ह्यांचा कागूद पैल्याच खेपेला हालायचा, भावजी," त्या म्हणाल्या.