नेहमीचंच पाठवा

घराला कुलूप लावलं की ऋजुता ते ओढून बघते, जिना उतरते आणि नवऱ्याला, सलिलला, पुन्हा वर पाठवते. "लग्नाआधी माझी चौकशी सुरू केलीस, ती अजून चालूच आहे वाटतं," असं सलिल म्हणाला, की ती शांतपणे सांगते, "अजून काही सापडलं नाही, म्हणून चालू आहे."

वर्तकनगरच्या दोन खोल्यांत बसून ती लोकांच्या वेबसाइट बनवते. या धंद्यात संशय हा दुर्गुण नाही, भांडवल आहे. ब्राउझरची नवी आवृत्ती सगळ्यांच्या हाती पडण्याआधी कच्ची अशी मिळते. तिच्यात आपली पानं नीट चालतात का ते आधीच बघून ठेवायचं, म्हणजे नंतर फजिती नको. ऋजुता ती जुन्या लॅपटॉपवरच घेते, नव्याला तिचा वाराही लागू देत नाही. आणि तिचा एक नियम आहे. कच्च्या ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाचं खरं पान उघडलं, तर नुसतं बघायचं. कशावरही दाबायचं नाही.

तिच्या साइटींतली सगळ्यात लाडकी मंदाकिनीमावशीची. मावशीचं डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला पोळीभाजी केंद्र आहे आणि दिवाळीत तिथे फराळाची धांदल असते. गिऱ्हाइकं ठरलेली, त्यांचा फराळही ठरलेला. फोनवर एवढंच सांगायचं, "नेहमीचंच पाठवा." म्हणून ऋजुताने प्रत्येक घराचं एक पान केलं. वर गेल्या दिवाळीचा फराळ, खाली एकच ओळ: 'नेहमीचंच पाठवा'. तिच्यावर दाबलं की ऑर्डर गेली आणि मावशीच्या फोनवर टिंग वाजलं. मध्ये 'नक्की ना?' असा प्रश्न ठेवायचा ऋजुताचा विचार होता, पण मावशी उसळली.

"वर्षानुवर्षं येणाऱ्या बाईला नक्की ना विचारायचं? अगं, अपमान आहे तो! उद्या माझ्या हातची चकली खाताना 'नक्की खाणार ना' विचारशील!"

मावशीपुढे कोणाचं चालत नाही. ऋजुताने प्रश्न काढून टाकला.

यंदा ऑर्डरी सुरू झाल्या आणि एक दिवस मावशीचा घाबऱ्या आवाजात फोन आला. "ऋजुता, लेल्यांची ऑर्डर आलीये."

"मग छान की."

"छान काय, कपाळ! अण्णा लेले श्रावणात गेले. घरात माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, विकतही आणत नाहीत. शेजारपाजारचे, नातेवाईक नेऊन देतात. मी बावळटासारखा त्यांच्या सुनेला, नीरजाला, फोन केला. ती म्हणते, काकू, आम्ही कशाला मागवू? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

पाठोपाठ आणखी दोन घरांच्या ऑर्डरी आल्या. त्यातल्या एका घरचे तर दिवाळीला गावी जाणार होते. ऋजुताच्या मनात पाल चुकचुकली.

"या ऑर्डरी येतात कधी?"

"दुपारी. मी जरा आडवी होते तेव्हा."

"तेव्हा फोन कोणाकडे असतो?"

"वैशालीकडे."

वैशाली विठ्ठलवाडीहून येते. केंद्राचा निम्मा भार तिच्यावर. गिऱ्हाइकांना त्यांच्या पानाच्या लिंक पाठवते तीच.

"ती स्वतःचं केंद्र काढणार आहे असं कानावर आलं होतं बाई," मावशी हळू आवाजात म्हणाली.

"मग असे जादा झालेले डबे कुठे जातील, मावशी?"

ऋजुता बोलून गेली. एवढंच पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मावशीने फोन कमरेला खोचला. न्हाणीत जातानासुद्धा तो बरोबर जाऊ लागला. गल्ल्याजवळची वैशाली चकलीच्या सोऱ्यावर गेली. "दिवाळी होऊ दे," मावशी ऋजुताला म्हणाली, "मग तिला यायला नको म्हणून सांगते."

पण पुराव्याशिवाय कोणाला घालवणं ऋजुतालाही पटेना. एका दुपारी ती स्वतःच डोंबिवलीला गेली. केंद्रात तेलाचे हात लागणार, म्हणून जुनाच लॅपटॉप घेतला. वैशाली सोऱ्या फिरवत होती, भजणीच्या पिठाने कोपरापर्यंत माखलेली. ऋजुता मुद्दाम तिला दिसेल अशी बसली. आपण बोलताना तिचा चेहरा बघायचा, असा बेत.

"बघ मावशी, हे लेल्यांचं पान. सगळ्यात लांबलचक यादी यांची, म्हणून काही तपासायचं झालं की मी आधी हेच उघडते. कोणाला खोटी ऑर्डर टाकायची असेल तर फक्त या ओळीवर—"

तिने पडद्यावरचा बाण त्या ओळीवर नेऊन ठेवला. दाबलं नाही.

मावशीच्या कमरेला टिंग वाजलं.

मावशीने फोन काढला. "लेले," ती म्हणाली. आणि दोघींनी एकदम वैशालीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात सोऱ्यावर होते.

ऋजुताने दुसऱ्या घराचं पान उघडलं, बाण ओळीवर नेला, हात उचलून मांडीवर ठेवला. टिंग.

मग तिच्या लक्षात आलं, जुन्या लॅपटॉपवर ही पानं कच्च्या ब्राउझरमध्येच उघडली होती. कच्च्या ब्राउझरची नवी हुशारी होती ती. माणूस एखाद्या ओळीवर रेंगाळला, की तो आता दाबणारच असं धरून पुढचं पान गुपचूप आधीच उघडून ठेवायचं. इथे तर पुढचं पान उघडणं हीच ऑर्डर. लेक शाळेत गेली की दुपारी ऋजुता तपासायला बसायची, तेव्हाच मावशी आडवी व्हायची. ज्या घरांची पानं तिने उघडली, त्यांच्याच ऑर्डरी आल्या होत्या.

"मावशी, वैशाली नाही. मीच," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

"काखेत कळसा आणि..." मावशीने म्हण अर्धीच सोडली.

वैशालीने सोऱ्या खाली ठेवला. "म्हणून फोन कमरेला लागला होय! मला वाटलं, मावशींना या वयात कोणी भेटलं की काय." हसली नाही मात्र. "ऋजुताताई, मला एकदा विचारायचं तरी. आणि केंद्र काढणार आहे, ते खरंय. मार्चमध्ये. सांगणारच होते. पण लेल्यांच्या दुःखावर डबे भरून नाही."

मावशीने फोन काढून पुढे केला. "घे."

"हात बघा माझे. ठेवा तिथे."

ऋजुताने तिथेच बसून त्या ओळीची साधी लिंक काढली, दाबल्याशिवाय काहीच न पाठवणारं बटण केलं, आणि मावशीला न विचारता 'नक्की ना?' घातलं. ब्राउझरवाल्यांना रागारागाने लिहायला घेतलेली तक्रार तिने अर्ध्यावर पुसली. ऑर्डरीसारखी गोष्ट नुसत्या लिंकमागे ठेवू नये, हे ती नवशिक्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते.

लेल्यांच्या पहिल्या खोट्या ऑर्डरीचा डबा फळीवर भरलेला होता. हात धुऊन वैशालीने त्यावरची चिठ्ठी काढली आणि डबा ऋजुताच्या मांडीवर ठेवला. "हा तुम्ही नेऊन द्या. मागवलेला नाही, शेजारचा म्हणून. नीरजाताईंना काय झालं तेही सांगा."

तेवढ्यात फोन वाजला. मावशीचा हात सवयीने पुढे झाला आणि मागे आला. वैशालीने फोन उचलला.

"बोला काकू. हो हो, नेहमीचंच." तिने मावशीकडे पाहिलं, मग ऋजुताकडे. "नक्की ना, काकू? नाही, आता आमच्याकडे विचारतात."

मावशी पाठ फिरवून चकल्या मोजायला लागली.