चालून दाखवा

आमच्या घरात पहिला बी.ए. मी, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पंच्याण्णव साली अपंगांचा कायदा झाला, ती बातमी मळ्यात मीच मोठ्यानं वाचून दाखवली होती. सरकारी नोकरीत राखीव जागा ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे, असं मी ताईला सांगितलं. ती बारावी पास होती. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेलेला.

पुढे काही वर्षांनी कारकुनाची राखीव जागा निघाली. त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा होता. म्हणून मी तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेलं. निघताना आईनं तिला नवी साडी नेसवली.

"चार मोठी माणसं असतील. नीट चाल गं बाई."

हे 'नीट' ताईच्या अंगात मुरलेलं होतं. बघायला पाहुणे आले की आई तिला आधीच शेवंतीची पाटी देऊन गजरे करायला बसवायची. उठावंच लागलं, तर ताई पदराआड मांडीवर मूठ दाबायची आणि लहान पावलं टाकायची. वर्षानुवर्षं तिनं हेच घोटलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा."

ताई चालली. इतकी सरळ, की मला घाम फुटला.

"छान चालता की बाई!"

"साहेब, घरी ती अशी चालत नाही," मी म्हणालो.

"मग कशी चालते? बाई, पुन्हा चाला. घरी चालता तशा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. दारात रांगेतली माणसं माना काढून बघत होती. ती पुन्हा चालली, पहिल्यापेक्षाही सरळ.

दाखल्यावर आकडा चाळीसच्या आतला आला.

आईला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय चारचौघांत लंगडायचं होतं? लय शिकलास तू!"

मी ताईला म्हणालो, "फेरतपासणी मागता येते. कायदा आहे."

"तिथंही चालूनच दाखवायचं ना?"

"हो."

पदर खोचून ती फुलं तोडायला निघाली. बांधावर आल्यावर तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि दर पावलाला कमरेत वाकत पुढे गेली. मी पाटी घेऊन तिच्या मागं चालत राहिलो.